राजाच्या मस्तकातले रखवालदार

एका राज्यात धृतसेन नावाचा राजा राज्य करीत होता, आणि सर्वांच्या मस्तकात असतात तसे त्याच्याही मस्तकात सूक्ष्म रखवालदार नांदत होते. आईच्या उदरातच ते आत शिरलेले. रक्तातल्या शिपायांना तिथे मज्जाव. प्रत्येक रखवालदाराने आपली जागा राखावी, केरकचरा गिळावा, म्हातारपणी मरावे. मग शेजाऱ्याने एकाचे दोन होऊन रिकामी जागा भरावी.

पुढे राजाने कालभृंग मांत्रिकाच्या भावाला चोर समजून, काही न विचारता सुळावर चढवले. कालभृंगाने शाप दिला, "राजा, तुझे रखवालदार जन्मत राहतील, पण मरणार नाहीत!"

रखवालदार माजले. कचरा संपला, तेव्हा ते आठवणींचे जिवंत धागे खाऊ लागले. राजा प्रधानाचे नाव विसरला, मग जेवणे विसरला. एके सकाळी राजकन्या शाल्मली दूध घेऊन आली, तर त्याने तलवार उपसली. "ही हडळ महालात कशी शिरली?"

खांद्यावरची जखम बांधून शाल्मली बागेत बसली. उंबरावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, तीन कामे कर. मांत्रिकाला शाप मागे घ्यायला लाव. काळदरीतून मरणवेलीचा रस आण. आणि रस पाजल्यावर बापाजवळून हलू नकोस."

शाल्मली कालभृंगाकडे गेली. मांत्रिक म्हणाला, "माझ्या भावाच्या समाधीपुढे डोके टेक आणि खरे ते बोल."

शाल्मलीने चिखलात डोके टेकले. "माझ्या वडिलांनी निरपराध माणूस मारला."

कालभृंग बराच वेळ रडला. मग म्हणाला, "शाप मागे घेतला. पण माजलेले रखवालदार आपणहून मरणार नाहीत. त्यांना तुलाच मारावे लागेल."

"सगळ्यांना?"

"मूठभर वाचतील. त्यांच्यावरच भिस्त."

काळदरीत मरणवेल पिळताना शाल्मलीची दोन बोटे काळी पडून गळाली. उरलेल्या बोटांनी तिने रस आणला आणि राजाला पाजला.

रखवालदार पटापट मेले. मस्तक ओस पडले. राजा भिंतीवर डोके आपटू लागला.

राजवैद्य धावत आला. "राजकन्ये, ही मात्रा द्या. वेदना थांबतील."

"देऊ नकोस," भारद्वाज खिडकीतून म्हणाला. "त्या मात्रेने मस्तकाचे दार उघडेल. रक्तातले शिपाई आत घुसतील. त्यांना लढाई ठाऊक, राखण ठाऊक नाही."

शाल्मलीने मात्रा दूर लोटली. "पोरी, मला मारून टाक," राजा विनवू लागला. तिने त्याचे डोके मांडीवर घट्ट धरले आणि ती रडत बसून राहिली.

आत वाचलेले मूठभर एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. सगळ्या जागा भरल्या आणि ते थांबले. राजाला झोप लागली.

जागा होऊन त्याने विचारले, "बाई, तू कोण?"

"तुमची मुलगी, शाल्मली."

"आणि तुझी आई?"

आई गेली तेव्हा शाल्मली पाळण्यात होती. आई तिला ठाऊक होती ती बाबांच्याच तोंडून.

खाल्लेले धागे परत आले नाहीत. राजा पुन्हा सिंहासनावर बसला. आरोपीचे ऐकून घेतल्यावाचून त्याने कुणाला शिक्षा दिली नाही. मस्तकातले रखवालदार मरत, जन्मत, मोजकेच राहत. दरबार उठला की शाल्मली बापाजवळ बसे आणि त्यानेच सांगितलेल्या राणीच्या गोष्टी त्याला सांगे. राजा कान देऊन ऐके आणि मध्येच विचारी, "मग? मग ती काय म्हणाली?"