फळ्यावरचा सुविचार

शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम सातवीतल्या कुंदा गवाणकरकडे होतं. सुविचारांचं पुस्तक दिवाळीआधीच संपलं. तेव्हापासून ती पदरचेच सुविचार लिहू लागली आणि ते कोणाच्याही लक्षात आलं नाही.

एके दिवशी तपासणीला आलेले खरमाटे साहेब त्या फळ्यापुढे थबकले. 'ज्याने गणित सोडवलंच नाही, त्याचं उत्तर कधी चुकत नाही आणि कधी येतही नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, डायरीत उतरवून घेतलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "असं वाक्य सुचायला जन्म घालवावा लागतो. कोणाचं हे?"

मुख्याध्यापकांनी खडू घेऊन बाजूला उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिलं.

"माझं," कुंदा म्हणाली. "परवा गणिताच्या तासाला सुचलं."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "सुविचार थोरामोठ्यांचे असतात, शेंबड्या पोरींचे नाहीत. आत्ताच्या आत्ता पूस ते. आणि सर, उद्यापासून हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

फळ्याचं काम म्हणजे कुंदाचा जीव की प्राण. तिने डस्टर उचललं, फळ्यापाशी गेली आणि वळून हळूच म्हणाली, "फळ्यावरचा मी पुसते, साहेब. पण तुमच्या डायरीतला शाईने लिहिलाय. तो कसा पुसायचा?"

मुख्याध्यापकांना एकदम खोकला आला. साहेबांनी डायरीतलं ते पान पुन्हा काढलं. मग त्यांनी पुन्हा पेन उघडलं.

"ते डस्टर ठेव खाली," ते म्हणाले, "आणि पूर्ण नाव सांग. खाली लिहायचं राहिलंय."