निमुळतं माप

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. सलग दोन वर्षं पीक बुडालं, तेव्हा गावकऱ्यांनी घराघरातलं उरलंसुरलं धान्य एका कोठीत जमा केलं. रोज सकाळी प्रत्येक घराला एक माप ज्वारी मिळायची. ती मोजून देण्याचं काम गावाने विश्वासाने कोठीवाल्याकडे सोपवलं होतं.

माप लाकडी होतं, वरपासून खालपर्यंत सारखंच रुंद, उभ्या डब्यासारखं. एके दिवशी कोठीवाला म्हणाला, "लाकडाला भुंगा लागलाय. आजपासून हे तांब्याचं." नवं माप चकचकीत होतं, पण खाली टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा त्याने दोन्ही मापं शेजारी धरली आणि दोरीने मोजून दाखवली. "तोंड तेवढंच, उंची तेवढीच. अजून काय पाहिजे?" लोकांनी माना डोलावल्या.

त्या दिवसापासून घराघरांत भाकऱ्या कमी पडू लागल्या आणि भांडणं पेटली. सुंद्रा नावाच्या एका बाईला तिची सासू म्हणाली, "दाणे कुठे जातात गं? वाटेत कुणाला देऊन येतेस?" सुंद्रा स्वतः नुसती पेज पिऊन राहत होती. तेवढ्यात लेकीने अजून भाकरी मागितली आणि सुंद्राने तिच्या थोबाडीत मारली. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोठीवर सुंद्राने कोठीवाल्याकडून भरलेलं माप घेऊन टोपलीत ओतलं आणि पदर सावरताना ते रिकामं माप खाली ठेवलं. ते उभं राहिना, कलंडलं. तिने ते उचललं आणि आत हात घातला. जुन्या मापात तिची मूठ तळाला टेकायची. इथे मूठ मध्येच अडकली. टोकापाशी तर जेमतेम एक बोट जात होतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. कोठीवाल्याने ते ओळखलं आणि तिला झटकन दाराआड ओढलं.

"ओरडू नकोस. उद्यापासून तुझ्या घराला जुन्या मापाने देतो. पोरगी पोटभर जेवेल. कुणाला कळायचं नाही."

सुंद्राला लेकीचा लाल गाल आठवला. मग तिला बाहेरची रांग दिसली. कडेवर मूल घेतलेली एक बाई कोठीच्या दाराशी सांडलेले दाणे वेचत होती.

सुंद्राने कोपऱ्यातलं लाकडी माप हिसकावलं आणि ती बाहेर आली.

"बघा सगळे!" तिने तांब्याचं माप भरून लाकडी मापात ओतलं. ते बरंच रिकामं राहिलं. दुसऱ्यांदा ओतलं, तरी भरेना. तिसऱ्यांदा ओतलं, तेव्हा कुठे काठोकाठ भरलं.

"तोंड सारखं, उंची सारखी, आणि जुन्यात दाणे तिप्पट! आपण काठ बघत बसलो. पोट कुणी बघितलंच नाही!"

लोक कोठीवाल्याच्या घरावर चालून गेले. माळ्यावर ज्वारीची पोती सापडली. ती परत कोठीत आली आणि कोठीवाल्याला त्याच दिवशी गावाबाहेर काढलं.

सगळे सुंद्राभोवती जमले. गावातले वडीलधारे येसाजीबाबा म्हणाले, "मला शंका होतीच गं."

सुंद्रा गर्रकन वळली. "होती? मग बोलला का नाहीत?"

येसाजीबाबांनी मान खाली घातली. त्यांची सून हळूच म्हणाली, "आमच्या घराला जुन्याच मापाने मिळत होतं."

मग आणखी एका घरातल्यांची मान खाली गेली, आणि आणखी एका.

"त्याने दाणे चोरले," सुंद्रा म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आम्ही घराघरांत एकमेकींना चोर म्हणत होतो. मी पोटच्या पोरीवर हात उचलला. भिंतीपलीकडून तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि तुम्ही जेवत होतात."

दुसऱ्या दिवशी रांग लागली, तेव्हा ती घरं आपण होऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. पुढे या, असंही कुणी म्हणालं नाही.

तात्पर्य: वरून सारखं दिसणारं आतून सारखं असेलच असं नाही. आणि आपलं माप भरतंय म्हणून जो गप्प बसतो, तो चोराचा वाटेकरी असतो.