ठकूचा टेका

दमलात ना? बसा, पण त्या धोंड्यावर नको हो, पलीकडं बसा. फोटो काय, मग काढा. गुडघ्याएवढा धोंडा आणि त्याच्यावर डोक्यावर ओझ्याखाली घेतात त्या गवताच्या चुंबळींचा ढीग बघितला की सगळेच विचारतात, कुठला देव? देवबीव काही नाही. ना शेंदूर, ना नारळ. याला ठकूचा टेका म्हणतात. डोक्यावर ओझं घेऊन खिंड चढणारं माणूस एक चुंबळ वळून इथं ठेवल्याशिवाय पुढं जात नाही. का, ते माझ्या आजानं सांगितलं तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही.

फार मागची गोष्ट म्हणे. खाडीकाठच्या बाया मिठाच्या गोण्या घेऊन ही खिंड चढायच्या आणि वर मीठ देऊन नाचणी आणायच्या. ठकू त्यातलीच. एका पावसाळ्यात गावात पटकी शिरली आणि आठ दिवसांत ठकूचा नवरा गेला, मागोमाग दोन्ही लेकरं गेली. ती तेवढी राहिली, आणि तेच लोकांना खुपलं. पांढऱ्या पायाची म्हणाले. तिच्यासाठी पाणवठा बंद झाला, तिची सावलीसुद्धा कुणी अंगावर घेईना.

पण पोट कुणाला सुटलंय? पावसाळा सरल्यावर तिनं गोणी बांधाच्या कठड्यावर ठेवली, वाकून गोणीखाली डोकं घातलं आणि कशीबशी इथवर आली. इथं दम तुटला, म्हणून गोणी उतरवली. चुकलं ते इथंच. भरलं ओझं एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, पाहुणे. समोरून दुसऱ्याचे दोन हात लागतात.

मागून गावच्या सात बाया आल्या. ठकू म्हणाली, "बायांनो, एक हात लावा गं." पहिली गेली, दुसरी गेली. शेवटची तिची सख्खी जाऊ, सगुणा. ठकूची लेकरं हिच्या मांडीवर खेळलेली. सगुणानं पदर ओढून घेतला आणि तीही गेली.

ठकू या धोंड्यावर बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं होतं, असं सांगतात. समोर तो कडा दिसतोय ना? आता तोच बरा, असं तिनं ठरवलं आणि उठली.

तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं एक म्हातारी आली. अनोळखी, धनगराची. लाकडांचा भारा खाली टाकून दम खात उभी राहिली आणि ओरडली, "अगं ए, उभी काय ऱ्हायलीस बुजगावण्यावानी? हात लाव की!" हातांना सवय असते. ठकूनं वाकून भाऱ्याला हात लावला. म्हातारी सावरली, म्हणाली, "बरं झालं बाई, तू होतीस," आणि चालती झाली.

तू होतीस हे बरं झालं! चार महिन्यांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ठकू परत खाली बसली. मग एक कुंभार आला, त्यालाही हात लावला. दिवस कलला. उद्या जाईन कड्यावर, ती स्वतःशी म्हणाली.

असं ती एकोणीस वर्षं रोज म्हणायची म्हणे. इथंच पाल्याची खोप घातली. येणारा-जाणारा मूठभर धान्य टाकायचा, ओझं चढवून घ्यायचा, बरं झालं तू होतीस म्हणायचा. तेवढ्यावर ती एकेक दिवस ढकलायची. पण एकानंही विचारलं नाही, की बाई, ही तुझी गोणी इथं का पडलीय? तिनंही सांगितलं नाही. एकदा मदत मागून बघितली होती तिनं. पहिल्याच पावसात मीठ विरघळून गेलं. रिकामी गोणी वाळवून तिनं या धोंड्याखाली सारून ठेवली.

विसाव्या वर्षी दुष्काळ पडला. एके दुपारी एक म्हातारी एकटीच चढून आली आणि इथं येऊन तिनं ओझं टाकलं. सगुणा! दोघींनी एकमेकींना ओळखलं. मागायला सगुणाला तोंड नव्हतं, आणि ठकूचे हात जागचे हलेनात. बसू दे, ठकूच्या मनात आलं, मी बसले तशी हिलाही बसू दे. सगुणानं एकटीनं उचलायला बघितलं, गुडघ्यावर आपटली. पुन्हा उचललं, पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळेला ठकूला बघवेना. जळ्ळी मेली सवय! ती उठली आणि हात लावला.

ओझं डोक्यावर बसलं. आता सगुणानं जायचं. पण ती जाईना. म्हणाली, "ठके, आणि तुझं ओझं?"

आणि सगुणानं चढलेलं ओझं परत खाली टाकलं. "आधी तुझं उचलू," म्हणाली. ठकूनं धोंड्याखालची गोणी ओढून काढली. जीर्ण, आत मिठाचा खडाही नाही. दोघींनी चार टोकं धरून ती ठकूच्या डोक्यावर ठेवली, आणि ठकूची मान लचकली.

"लई जड हाय गं," ती म्हणाली, आणि एकोणीस वर्षांचं रडली.

रडता रडता धोंड्यावर टेकली, ती पुन्हा उठली नाही. एवढं उशिरा विचारलं होतं. सगुणाचं ओझं तिथंच पडलं, उचलू लागायला कुणी उरलं नव्हतं. मग तीच इथं राहिली. येईल त्याला हात लावायची आणि त्याला निक्षून सांगायची, तसाच जाऊ नकोस रे, मलाही विचार.

आजही या खिंडीत ओझं चढवून घेतलेलं माणूस पाऊल उचलायच्या आधी समोरच्याला विचारतं, "आणि तुझं?" समोरच्याचे हात रिकामे असले तरी विचारायचं. आणि त्यानं काही नाही म्हणायचं नाही. "हाय थोडं," एवढं म्हणायचं. आणि ठकूला कुणी वेळेत विचारलं नाही, म्हणून तिच्या ओझ्यासाठी एक चुंबळ या धोंड्यावर ठेवायची.

चला, उन्हं उतरली. उचला तुमच्या पिशव्या, मी हात लावतो. अहो, तशाच काय निघालात? माझी म्हातारी गेली त्याला श्रावणात वर्ष होईल. विचारा की मला.