पडद्यातल्या पैलवानाची गदा

सावळखेड नावाचं गाव होतं, आणि गावाच्या मानानेही जरा जास्तच भोळा असा भागूजी त्यात राहत होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी. गावाला त्याची हीच मोठी अडचण होती.

सावळखेडच्या जत्रेत पूर्वी कुस्त्या होत आणि जिंकणाऱ्या गावाला वर्षभरासाठी चांदीची गदा मिळे. पुढे पैलवान संपले, मोबाईल आले. आता गदेसाठी मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळाचे सामने होऊ लागले. चार जणांची एक टोळी, अशा दोन टोळ्या एका बेटावर उतरतात आणि गोळ्या झाडतात. ज्या टोळीचा माणूस शेवटपर्यंत टिकतो ती जिंकते. सहा वर्षं ही गदा शेजारच्या कासारदऱ्याचे लोक नेत होते. जत्रा समितीच्या अध्यक्ष हौसाआक्का. गदा परत येईपर्यंत चहात साखर घालणार नाही, असा त्यांनी पण केला होता. सहा वर्षांच्या बिनसाखरेच्या चहाने आक्कांचा स्वभाव कसा झाला होता, हे समितीला विचारावं.

त्या वर्षी वाद निघाला तो कपड्यांचा. खेळातल्या माणसाला हवे तसे कपडे घालता येतात. कासारदऱ्याच्या पोरांनी आपल्या माणसांना गवताच्या रंगाचे कपडे घातले, आणि ते गवतात दिसेनासे झाले. एक पक्ष म्हणाला, "कपड्यांनी काय होतंय? नेम धरता आला पाहिजे." दुसरा म्हणाला, "दिसलंच नाही तर नेम धरायचा कशावर, तुझ्या डोक्यावर?" यात दोन ग्रामसभा गेल्या. पाणीपुरवठ्याचा विषय दोन्ही वेळा पुढे ढकलला. शेवटी ठराव झाला : गवतात मिसळणारे हिरवे कपडे चालणार नाहीत.

नियम पाळून घ्यायला पंच म्हणून भागूजीला नेमलं. लबाडी करायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे नाही, यावर दोन्ही गावांचं एकमत होतं. शिवाय कुस्त्या होत्या तेव्हा पैलवानांची तपासणी तोच करायचा.

सामन्याच्या सकाळी भागूजीने सगळ्या खेळाडूंची नखं कापली. गळ्यातले ताईत उतरवले. मग आखाड्यातली माती आणून सगळ्यांच्या हाताला चोळली. त्या बोटांना फोन काही दाद देईनात. हात धुण्यात अर्धा तास गेला.

मग त्याला हिरव्या कपड्यांचा नियम आठवला. सावळखेडच्या टोळीतला सोपान हिरवा सदरा घालून खुर्चीवर बसला होता. भागूजीने तो सदरा उतरवला.

सोपान बनियनवर ओरडला, "अहो भागूजीकाका, इथं मांडवात गवत कुठंय?"

"नाही ना? मग सदरा काढल्यानं तुझं काय बिघडलं?"

आक्का धावत आल्या. "अरे शहाण्या, कपडे पडद्यावरच्या माणसाचे बघायचे! पडद्याबाहेरच्या माणसाशी तुला काय करायचंय?"

"बरं, आक्का," भागूजी म्हणाला.

सामने सगळ्यांना दिसावेत म्हणून मांडवात मोठा पडदा लावला होता. उद्‌घाटनाला माजी सभापती आले. भाषणाच्या वेळी त्यांचं चित्र पडद्यावर झळकलं. डोक्याला फेटा होता, आणि तोही पोपटी. भागूजीने पडद्याकडे पाहिलं, शांतपणे व्यासपीठावर चढला आणि सभापतींचा फेटा काढून घेतला.

फेट्याखाली टक्कल होतं. प्रत्यक्षात ते बेताचंच होतं, पण पडद्यावर आठ फूट भरलं.

"भागूजी!" आक्का किंचाळल्या. "मानाचा फेटा आहे तो, मेल्या! माणसानं मानानं मिळवलेली वस्तू अशी उतरवायची नसते!"

"बरं, आक्का."

दुपारी अंतिम सामना लागला, सावळखेड आणि कासारदऱ्याचा. कासारदऱ्याच्या म्होरक्याने आपल्या माणसाला सोनेरी पंख लावले होते. पंख कसले, गोठ्याची दारंच ती. बाकीचे तिघे त्यांच्यामागे खुशाल लपले.

भागूजीने विचारलं, "हे पंख मानानं मिळवलेत का?"

"तर हो. मागच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेत."

"मग राहू द्या. टक्कल वगैरे असेल खाली."

दोन मिनिटांत सावळखेडचे दोन जण पडले. टोळीची म्होरकी रेवती उठून उभी राहिली. "आक्का, आम्ही गोळ्या माणसांना घालायच्या की पिसांना?"

आक्कांनी डाव थांबवला. "भागूजी, कुस्तीत एक पैलवान लंगोट घालून आणि दुसरा शेरवानी घालून उतरतो का? सगळे सारखे दिसले पाहिजेत, सगळे!"

"बरं, आक्का."

डाव पहिल्यापासून सुरू झाला. भागूजीने आठही माणसांना एकाच राखेच्या रंगाचे कपडे घालायला लावले. डोक्यावरची नावं पुसायला लावली.

सोपान म्हणाला, "काका, आपले कोण नि त्यांचे कोण, हे कळायला तरी काही ठेवा."

"आक्का म्हणाल्या सगळे. तू सगळ्यांत नाहीस का?"

मग बेटावर जे झालं ते झालं. जो दिसेल तो शत्रू. कासारदऱ्याच्या म्होरक्याने आपलेच दोघे टिपले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. सोपानला त्याच्याच टोळीतल्या भावाने झोपवलं. रेवती मात्र एका झोपडीत शिरून गप्प बसली. कुणाला मारायचं तेच तिला कळेना. गोळ्या थांबल्यावर तिने माणूस बाहेर काढला, तर बेटावर तो एकटाच!

सावळखेड जिंकलं. गुलाल उधळला. रेवतीला खांद्यावर घेऊन पोरं देवळाकडे नाचत निघाली. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भागूजी," त्या म्हणाल्या, "शेवटी जो टिकलाय त्याला गदा दे. मी चहा टाकायला सांगते, साखर घालून!"

भागूजी गदा घेऊन निघाला. शेवटी जो टिकला होता तो पडद्यावर एकटाच उभा होता. पडद्याबाहेरच्या माणसाशी आपल्याला काही करायचं नाही, हे भागूजीच्या चांगलं लक्षात होतं. त्याने गदा पडद्याच्या चौकटीला सुतळीने घट्ट बांधली, वर हार घातला आणि नमस्कार केला.

पडदा दत्तू मंडपवाल्याचा. तो कासारदऱ्याचा. त्याने विचारलं, "ही गदा कुणाची?"

"पडद्यातल्या माणसाची."

"मग सोडायला नको," दत्तू म्हणाला आणि चौकट तशीच टेम्पोत चढवली.

देवळात आक्कांनी गोड चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "गदा कुठाय रे?"

भागूजीने सगळं क्रमवार सांगितलं. आक्कांनी कप खाली ठेवला. "कासारदऱ्याला? अरे, जिंकलो आपण ना!"

"जिंकलो की," भागूजी म्हणाला. "गदा ज्यानं जिंकली त्यालाच दिली, आक्का. पण तो राहायला कासारदऱ्याला निघाला, त्याला मी काय करू?"