तायाप्पाची ताणलेली बंदूक

माळाच्या कडेला एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात तायाप्पा नावाचा एक शिकारी राहायचा. गाव संस्थानातलं. तिथल्या राजाचे शिकारीचे नियम कडक होते. बारूद भरलेली बंदूक माळावर न्यायची नाही. न्यायची ती छऱ्याची. मारायचा तो तितर, आणि तोही पिकं निघाल्यापासून होळीपर्यंतच. पुढे पाखरं जोडीनं घरटी करतात. शिवाय माणशी दिवसाला दोनच. तिसरा सापडला, की परवाना गेला.

वेशीवर राजाचा शिपाई बसे. माळावरून येणाऱ्याची पिशवी तो उघडून बघे. तायाप्पाच्या पिशवीत कधी तिसरा तितर निघाला नाही. त्या बाबतीत त्याचं नाव चोख होतं, आणि त्याला त्याचा थोडा ताठाही होता.

त्या वर्षी त्याची लेक सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण जड गेलं. पोर पांढरीफटक पडली, बाळाला दूध पुरेना. वैद्य म्हणाले, "हिला रोज तितराचा रस्सा द्या. अंगात ताकद आली तरच मायलेकरं सावरतील." होळी तेव्हा वीस दिवसांवर होती.

आता छऱ्याच्या बंदुकीचं काम असं असतं. तिच्यात बारूद नसते, एक जाड स्प्रिंग असते. नळी खाली दुमडून ती ताणायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि लगेच मारायचं. ताणताना खट्ट आवाज होतो, आणि तितराचे कान फार तिखट. तायाप्पाला तर घाई होती. म्हणून तो घरूनच बंदूक ताणून निघू लागला. पुढे पुढे ती खुंटीलाही ताणलेलीच राहू लागली.

त्याचा मेहुणा म्हसू रोज बरोबर असे. तो मात्र पाखरू दिसल्यावरच बंदूक ताणायचा.

तायाप्पा हसायचा. "म्हसू, तुझी बंदूक आधी तितराला रामराम घालते, मग मारते."

"घालू द्या की दाजी. घरंदाज आहे ती."

आठेक दिवस असे गेले. तायाप्पाचा एखादाच तितर जागेवर पडे. बाकीचे फडफडत काटेरानात शिरत. "चुकला," असं म्हणून तो पुढचा शोधी.

"नेम चुकाया लागला, दाजी. आजोबा झालात तुम्ही," म्हसू म्हणे.

नवव्या दिवशी सकाळी पहिला तितर असाच उडून काट्यात गेला. दुसराही गेला. पिशवी रिकामीच होती. तेवढ्यात वीस पावलांवर तिसरा येऊन उभा राहिला.

"मारा की," म्हसू कुजबुजला. "शिपाई पिशवी बघतो. काटेरान बघत नाही."

तायाप्पानं बंदूक खांद्याला लावली. घरी सुगंधा वाट बघत होती. पण पहिला तितर उडाला होता, तिथे जमिनीवर दोन पिसं पडलेली त्याला दिसली. छर्रा चुकला असता, तर पिसं कशी गळली असती? त्यानं बंदूक खाली केली आणि तो काट्यात शिरला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत तो शोधत होता. हात ओरबाडले, धोतर फाटलं. शेवटी एका जाळीखाली तितर सापडला. जिवंत होता, पंख ओढत होता. तायाप्पानं त्याची मान पिरगाळून त्याला सोडवलं. मग बोटानं चाचपून पाहिलं. छर्रा कातडीखालीच अडकला होता.

त्याच जाळीत आणखी दोन तितर होते. कधीच मरून वाळलेले. त्यांच्याही कातडीखाली तसेच छर्रे हाताला लागले.

तायाप्पा खाली बसला. नेम चुकतच नव्हता. रात्रंदिवस ताणून ठेवल्यानं स्प्रिंग ढिली पडली होती, छऱ्यात जोर उरला नव्हता. जे चुकले म्हणून त्यानं सोडले, ते असे काट्यात शिरून तडफडत मेले होते.

सकाळचा दुसरा तितर काही सापडला नाही. तायाप्पानं ते तिन्ही पिशवीत घातले.

म्हसू घाबरला. "दाजी, वाळलेले कशाला घेता? तीन दिसले तर परवाना जाईल. टाका इथंच."

"इतके दिवस इथंच टाकत आलो ना," तायाप्पा म्हणाला.

वेशीवर शिपायानं पिशवी उघडली. "तीन? तायाप्पा, तू?"

"हे सापडलेले. न सापडलेले किती, देव जाणे."

शिपायानं पाखरं उलटून पाहिली. "यातले दोन आजचे नाहीत. नियमानं तू सुटलास. उद्या खुशाल जा माळावर."

"नियमानं मी सुटलो, पण या बंदुकीनं आता पाखरू मरत नाही, नुसतं घायाळ होतं. नवी स्प्रिंग शहरातून यायला महिना लागेल. तोवर ही तुमच्यापाशी ठेवा."

"आणि लेकीचा रस्सा?"

बंदूक शिपायापुढे ठेवून तायाप्पा घरी गेला. त्या दिवशी त्या एका ताज्या तितराचा रस्सा झाला. उद्याचं काय, ते त्यानं सुगंधाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसू दारात उभा. हातात एक तितर. "माझ्या दोनातला एक. भाचीचा वाटा. आणि उद्यापासून तुम्ही बरोबर चला दाजी. मी मारीन, तुम्ही हुडका. काट्यात शिरायचं माझ्यानं होत नाही."

तायाप्पा रिकाम्या हातांनी माळावर जाऊ लागला. सुगंधाला रोज रस्सा मिळत राहिला, आणि होळीच्या दिवशी ती बाळाला घेऊन अंगणात येऊन बसली. तोवर म्हसूनं मारलेला एकही तितर काट्यात पडून राहिला नव्हता.

तात्पर्य: नियम फक्त पिशवीतलं बघतो; पिशवीबाहेर आपल्या हातून काय घडलं, ते आपणच काट्यात शिरून बघायचं असतं.