कोरडी दोरी

गणितात माझा हात धरणारा आमच्या तालुक्यात कोणी नाही. कोणी धरला असता, तर मी सातवी तरी पास झालो असतो आणि कॉलेजात माळीकाम करत बसलो नसतो.

पण अन्याय कळायला सातवी लागत नाही. अकरावीतल्या किमया ढवणने चाचणीत उत्तर लिहिलं, 'ही रेषा त्या अन्वस्ताला एकदाही छेदत नाही.' प्राचार्य टिपणीस सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि तेवढ्यापायी गणित स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव खोडलं. वर म्हणतात कसे, "छेदनबिंदू दोनच! तीस वर्षं हेच शिकवतोय मी."

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं न थकता चुकायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

किमया सरांना थेट बागेत घेऊन आली. "काका, पाइप जरा तिरका धरा." पाणी खांद्याएवढं चढलं आणि वाकून पलीकडे पडलं. "सर, हे अन्वस्त." माझ्या वाफे आखायच्या दोरीचं एक टोक तिने सरांच्या हातात दिलं आणि दोरी पाण्याच्या वर ताणली. कोरडी राहिली. खाली आणली, तर धारेच्या शेंड्याला एका जागी भिजली. आणखी खाली, तेव्हा दोन जागी.

"वर धरलीस तेव्हा आखूड पडली," सर गुरगुरले. "रेषेला अंत नसतो. लांबवली की कुठेतरी छेदणारच!"

"मग टोक धरून चालत राहा, सर. ज्या गावात पाणी लागेल, तिथून फोन करा. तोवर माझं नाव यादीत राहू द्या."