साळूच्या आईची जागा

फार पूर्वी, माणसांच्या आधी, शर्यती जंगलात भरत. शर्यत बघायला मैदानात शिरायचं तर पळसाचं पान लागे आणि ते एका जांभळाला मिळे. नको झालेलं पान दुसऱ्याला खुशाल द्यावं, पण त्याच किमतीला. जास्त घेणाऱ्याची स्वतःची जागा जाईल, असा नियम होता. फाटकावर झिपरी नावाची तरुण खार पानं तपासायची.

त्या वर्षी साळिंदराची लेक साळू पहिल्यांदाच धावणार होती. तिची आई पान घेऊन आली, पण तिचं तोंड उतरलेलं होतं.

"मावशी, केवढ्याला घेतलंत?" झिपरीने विचारलं.

"दहा जांभळांना, बाई. सगळी पानं वानरकाकांनीच उचललेली."

तेवढ्यात काकाच आत जायला आले. झिपरी आडवी आली. "मावशींची नऊ जांभळं परत करा."

"ती खाल्ली मी," काका हसले. "तुझ्या जन्माआधीपासून आम्ही हेच करतोय, पोरी."

"म्हणजे इतकी वर्षं चुकताय!"

"जाऊ दे गं, वडीलधारे आहेत," म्हातारा रानडुक्कर पुटपुटला.

"म्हणूनच काका म्हणतेय. पण जागा गेली."

झिपरीने काकांची पहिल्या रांगेतली जागा मावशींना दिली. थोड्याच वेळात साळू काटे खुळखुळवत सर्वांच्या पुढे आली आणि मावशींच्या आरोळीने झाडं हलली.

"अगं, कोण जिंकलं?" फाटकाबाहेरून काकांनी विचारलं.

झिपरीने शेपूट ताठ केलं. "सांगते की. आणि फुकट सांगते!"